हॅम्लेटवरचा हंगेरियन अभ्यास गोळा करताना: माझा अनुभव

हॅम्लेटवर हंगेरीत काय लिहिलं गेलंय ते गोळा करायला घेतलं तेव्हा सुरुवात इंग्रजीपासून केली, कारण ती वाट सरळ आहे. देब्रेत्सेन विद्यापीठातून १९९५ पासून 'हंगेरियन जर्नल ऑफ इंग्लिश अँड अमेरिकन स्टडीज' निघतं, ते जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहात वाचता येतं. त्याचा पूर्वावतार ओर्साग लास्लो यांनी १९६३ मध्ये तिथेच सुरू केला होता. पण एवढ्यावर थांबलं तर मोठा ठेवा हातचा जातो. बुडापेस्टच्या विद्यापीठात इंग्रजी विभाग १८८६ साली निघाला आणि तिथल्या अभ्यासकांनी पुढे बरंचसं लेखन आपल्या वाचकांसाठी हंगेरियनमध्येच केलं.

नव्या लेखकांसाठी एमटीएमटी हा राष्ट्रीय नोंदसंग्रह आधी उघडावा. लेखकाच्या नावाखाली त्याच्या प्रकाशनांची यादी मिळते, अनेक नोंदींना थेट लेखाचा दुवा असतो. नियतकालिकांच्या अनुक्रमणिकांसाठी मातार्का, जुन्या अंकांसाठी विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाचं रेआल भांडार आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचं ईपीए. चारही फुकट आहेत.

शोध घेताना पहिली ठेच प्रत्ययांची लागते. हंगेरियनमध्ये विभक्ती आपल्यासारखीच शब्दाला चिकटते. 'हॅम्लेटमध्ये' म्हणजे 'हाम्लेतबेन', 'हॅम्लेटबद्दल' म्हणजे 'हाम्लेतरोल', आणि 'अरान्यचा हॅम्लेट' (अरान्य हे त्याचे हंगेरियन भाषांतरकार) म्हणायचं तर 'अरान्य हाम्लेत्ये'. नुसतं नाव टाकून नेमका शब्द शोधला की ही सगळी रूपं गळून जातात. मराठी वाचकाला हे सांगावं लागत नाही, 'हॅम्लेटच्या' शोधताना आपलंही तेच होतं. मूळ शब्दाच्या शेवटी कुठल्याही प्रत्ययाच्या जागी तारांकन (*) चालत असेल तर ते द्यावं, नसेल तर चार-पाच रूपं वेगवेगळी टाकावीत.

दुसरी ठेच शेक्सपिअरच्या स्पेलिंगची. जुन्या हंगेरियन छपाईत के नंतरचा ई आणि शेवटच्या आर आधीचा ए गाळून हे नाव लिहीत. किश्फालुदी सोसायटी या साहित्यसंस्थेने १८६४ ते १८७८ मध्ये काढलेल्या समग्र शेक्सपिअरच्या खंडांच्या मुखपृष्ठावर हेच रूप आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर हे सगळं दिसतच नाही.

मग अक्षरं. 'ओ' आणि 'यू' वर दोन तिरक्या रेघा असलेले दीर्घ स्वर ही या भाषेची खास खूण. जुन्या पीडीएफमध्ये 'ओ' वर त्याऐवजी लाटेसारखी रेघ आणि 'यू' वर टोपी दिसते. पूर्व युरोपच्या आणि पश्चिम युरोपच्या जुन्या अक्षरसंचांत या जोड्यांना एकच क्रमांक दिलेला होता, म्हणून हा घोळ. डोळ्यांनी वाचताना अडत नाही, पण फाइलमध्ये शोध घेतला की शब्द सापडत नाही आणि भाषांतरयंत्र भलताच अर्थ काढतं. फाइलमधला मजकूर बाहेर काढून ही दोन अक्षरं (आणि त्यांची मोठी रूपं) एका झटक्यात बदलून घ्यावीत, मगच पुढे जावं.

नावांत आडनाव आधी येतं, आपल्या हजेरीपटासारखं, आणि मध्ये स्वल्पविराम नसतो. संदर्भ गोळा करणारं सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं, म्हणून समीक्षक दावीदहाझी पेतेर यांची नोंद 'पेतेर' खाली जाऊन बसते. प्रत्येक नोंद हाताने तपासावी लागते. छापील सूचीत आणखी एक: एस-झेड ही जोडी स्वतंत्र अक्षर मानली जाते आणि सगळे एस संपल्यावर येते. साबो हे आडनाव तिथे शोधायचं.

यंत्राकडून भाषांतर करून घेताना सर्वांत जपायचं ते सर्वनाम. हंगेरियनमध्ये तो, ती असा भेदच नाही, दोघांना एकच शब्द. हॅम्लेट आणि ऑफेलियाच्या प्रसंगावरचा परिच्छेद यंत्रातून काढला की 'ती' चा सहज 'तो' होतो, आणि मराठीत क्रियापदही मागोमाग बदलत असल्याने चूक अगदी खरी वाटते. अशा जागी मूळ वाक्याचा कर्ता शोधल्याशिवाय मी अवतरण घेत नाही.

शेवटचा अडसर अवतरणांचाच. हंगेरियन समीक्षक हॅम्लेट उद्धृत करतात तो बहुतेकदा अरान्य यानोश यांच्या १८६७ च्या भाषांतरातून. ते परत इंग्रजीत उलटवू नये. ओळीशेजारी 'फेल्वोनाश' म्हणजे अंक आणि 'सीन' म्हणजे प्रवेश लिहिलेला असतो, त्यावरून मूळ ओळ काढावी. पण अरान्यची ओळही टाकून देऊ नये, कारण समीक्षकाचा मुद्दा पुष्कळदा तिच्यावरच उभा असतो. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात शेक्सपिअरचा काळ सांधा निखळलेला आहे. अरान्यकडे 'किझोक्केंत अझ इदो': चाक धक्क्याने चाकोरीबाहेर पडावं तसा काळ निसटलाय, आणि पुढच्या ओळीत हॅम्लेटला तो जागेवर ढकलायचा आहे. हाडाचा सांधा बसवणं वेगळं, चाकोरीबाहेर गेलेली गाडी ढकलणं वेगळं. म्हणून तळटीपेत मी तिन्ही देते: अरान्यची ओळ, तिचा शब्दशः अर्थ आणि मूळ इंग्रजी.