निरंक

2024 ची दिवाळी नुकतीच झाली होती. मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरची वकील म्हणून सुट्टीच्या कोर्टात रिमांडला मी होते. पारधी वस्तीवरचा 19 वर्षांचा पोरगा, घरफोडीचा संशय, जप्ती काहीच नाही.

रिमांड यादी हातात आली. पहिल्या पानावर ठरलेलं वाक्य: 'सदर आरोपी हा सराईत गुन्हेगार असून...' पान उलटलं. 'पूर्वीचे गुन्हे' या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, 'निरंक', म्हणजे एकही नाही.

तपास अंमलदारांना मी दोन्ही पानं दाखवली. "मॅडम, जमात बघा ना," ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की माझ्या अंगावर काटा आला. बी.ए.ला समाजशास्त्रात हॉवर्ड बेकर शिकले होते: माणूस विचलित ठरतो तो त्याच्यावर मारलेल्या शिक्क्याने. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते त्या रकान्यात जिवंत दिसलं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. शिक्का मात्र यादीच्या पहिल्या पानावर तसाच.

महिनाभरापूर्वी, 3 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला होता. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हेही त्यात पोलिसांना बजावलं होतं. त्याची झेरॉक्स मी पुढे केली. न्यायाधीश साहेबांनी यादीची दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. "सराईत कशावरून?" अंमलदार गप्प. पोलीस कोठडी (पीसीआर) नाकारली, न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झाली, लगेच जामिनाचा अर्ज टाकला आणि तो मंजूर झाला.

पण सातबारा घेऊन पारध्याला जामीन राहणार कोण? रोख भरायची परवानगी मागितली. पोराच्या आजीने चंचीतून दहा-वीसच्या नोटा काढल्या, वस्तीने गोळा केलेल्या. मोजायलाच पाऊण तास गेला.

मग तिला अट समजावली: दर रविवारी ठाण्यात हजेरी. इतका वेळ नुसती मान हलवणारी आजी त्या शब्दाला ताठ झाली. तिचं लहानपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे त्या कायद्याखाली जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड गेलेलं.

"आमची रोज व्हायची, बाई," ती म्हणाली. "ह्याची आठवड्यातनं एकदा. कागदावर लिवून द्या, चुकायला नगं."

मी लिहून दिलं: रविवार, सकाळी 10.