शून्य न देणारा कम्पेअरेटर

एका पतसंस्थेचं पिग्मी वसुलीचं सॉफ्टवेअर. जावात लिहिलेलं, जुनं, बरंचसं नीट चालणारं. रात्री दिवसभराच्या पावत्या रकमेच्या चढत्या क्रमाने लावून अहवाल निघतो. एका रात्री तो अर्ध्यावर पडला. लॉगमध्ये ओळ होती: ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे तुलना करणारा कोड तुलनेचे नियम मोडतोय.

कम्पेअरेटर, म्हणजे दोन पावत्यांत लहान कोण आणि मोठी कोण ते सांगणारा कोड, उघडला. पहिली रक्कम दुसरीपेक्षा मोठी असेल तर १, नाहीतर -१. बस. रकमा सारख्या असतील तर ० यायला हवं, ते यात कधीच येत नाही. अ आणि ब सारखे असले की कसंही विचारा, उत्तर -१. म्हणजे अ हा ब-पेक्षा लहान आणि ब हा अ-पेक्षा लहान. पिग्मीत तर पन्नास-शंभरच्या पावत्यांचीच रास असते.

मग इतके दिवस चाललं कसं? जावा ७ पासून (२०११) कलेक्शन्स.सॉर्टच्या (यादी क्रमात लावणाऱ्या तयार सोयीच्या) पोटात टिमसॉर्ट ही पद्धत आहे. यादीत ३२ पेक्षा कमी घटक असतील तर तो साधा बायनरी इन्सर्शन सॉर्ट करतो (एकेक घटक योग्य जागी घुसवतो), आणि त्या वाटेवर ही चूक पकडणारा कोडच नाही. ३२ किंवा जास्त असले की तो आधीच क्रमात असलेले तुकडे शोधतो आणि जोडत जातो. जोडताना एकाच तुकड्यातले लागोपाठ ठरावीक घटक (सुरुवातीला ७) निवडले गेले, की एकेक न तपासता उड्या मारायला लागतो. त्या उड्यांमध्ये बरोबरीची रक्कम नेमक्या टोकाला सापडली, तर जो तुकडा शिल्लक उरायला हवा तोच संपतो, आणि तेव्हाच एक्सेप्शन (प्रोग्राम थांबवणारी चूक) फुटतं. त्यामुळे ही काही पद्धतशीर तपासणी नाही, मोडलेलं काहीतरी योगायोगाने हाती लागतं इतकंच. चाचणीला दहा पावत्या घेणाऱ्यांना ते जन्मात दिसणार नाही.

खरं तर दोन पावत्या पुरल्या असत्या. दोन सारख्या रकमा द्या, सॉर्ट करा, त्यांचा क्रम उलटलेला दिसतो: दुसरी ‘लहान’ ठरते, टिमसॉर्टला वाटतं उतरता तुकडा आहे, तो उलटा करतो. कलेक्शन्स.सॉर्ट सारख्या घटकांचा मूळ क्रम राखतो, या भरवशावर पुढचं काही लिहिलं असेल तर ते गेलं.

बैठकीत पहिली सूचना आली ती टिमसॉर्टच्या आधीचा जुना मर्जसॉर्ट परत चालू करणाऱ्या फ्लॅगची (सेटिंगची), युजलेगसीमर्जसॉर्ट. आहे तसा फ्लॅग. पण जुना सॉर्ट हीच चूक मुकाट्याने गिळायचा. धुराची घंटा काढून ठेवल्याने आग विझत नाही, पण बैठक लवकर संपते.

फ्लॅग नाकारला गेला. एकाने कम्पेअरेटर रीतसर दुरुस्त केला: बिगडेसिमलचा कम्पेअरटू (दशांश रकमांची जावातली तयार तुलना), सारख्या रकमांना ०. एक्सेप्शन गेलं. दुसऱ्या दिवशी एजंटवार बेरीज कमी भरली. लॉग स्वच्छ.

हाच कम्पेअरेटर दुसऱ्या फाइलमध्ये एका ट्रीसेटला (घटक क्रमात ठेवणाऱ्या, सारखा घटक दुसऱ्यांदा न घेणाऱ्या संचाला) दिलेला होता. ट्रीसेट ‘सारखं’ ठरवताना इक्वल्सला (वस्तूच्या स्वतःच्या बरोबरीच्या तपासणीला) विचारत नाही, फक्त कम्पेअरेटरला विचारतो, आणि ० आलं की नवा घटक घेत नाही. ॲड फॉल्स (‘घेतला नाही’) परत करतो, ते उत्तर कोण बघतो? पन्नासच्या पाच, शंभरच्या तीन आणि दोनशेची एक पावती असेल तर बेरीज ७५०. सेटमध्ये उरतात तीन पावत्या, बेरीज ३५०.

म्हणजे ते -१ कुणीतरी जाणूनबुजून लिहिलं असावं. शून्य कधीच न देणारा कम्पेअरेटर दिला की ट्रीसेट सगळ्या पावत्या ठेवून घेतो. किंमत एवढीच की कन्टेन्स (‘हा घटक आहे का?’) कायम फॉल्स आणि रिमूव्हला (घटक काढणाऱ्याला) काही सापडत नाही. इथे दोन्ही कुणी वापरत नव्हतं. पुढे कुणाला तरी तो कम्पेअरेटर आयता मिळाला आणि त्याने तो सॉर्टला लावला. कमिटवर (कोडमधल्या त्या बदलाच्या नोंदीवर) शब्द एकच: ‘फिक्स’. लिहिणारा अडाणी नव्हता, कदाचित आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा ट्रीसेट त्याला जास्त कळत होता; एक ओळ कॉमेंट मात्र लिहिली नाही. तो हुशार म्हणायचा की बेजबाबदार, माझं अजून ठरत नाही.

दुरुस्ती अशी झाली. ट्रीसेटच्या जागी अ‍ॅरेलिस्ट (साधी यादी), शेवटी एकदा सॉर्ट. कम्पेअरेटर कम्पेअरिंगने रकमेवर, मग देनकम्पेअरिंगने पावती क्रमांकावर. क्रमांक एकमेव असल्याने दोन वेगळ्या पावत्यांना ० येत नाही. यात एक फसगत आहे: साखळीच्या शेवटी रिव्हर्स्ड (क्रम उलटवणारा) लावला तर आधीचं सगळंच उलटतं, एकच निकष उलटत नाही. शिवाय कम्पेअरिंगमध्ये लॅम्डा (जागीच लिहिलेलं छोटं फंक्शन) देऊन लगेच रिव्हर्स्ड लिहिलं तर कम्पायलरला प्रकार कळत नाही, तो ऑब्जेक्ट धरून बसतो. मेथड रेफरन्स (आधीच असलेल्या मेथडचं नाव) द्यावा लागतो, नाहीतर लॅम्डात प्रकार लिहावा लागतो.

चाचणीही बदलली. सॉर्ट करून बघण्यात अर्थ नव्हता. आता मुद्दाम सारख्या रकमा घातलेल्या ५० पावत्यांच्या सगळ्या जोड्या आणि त्रिकुटं घेऊन कम्पेअरेटरलाच तपासतो: उलट विचारल्यावर चिन्ह उलटतं का, अ>ब आणि ब>क असेल तर अ>क येतं का. त्रिकुटं सव्वा लाख होतात, वेळ जाणवत नाही.

नवा अहवाल गेला आणि तक्रार आली: सारख्या रकमांमध्ये आधी नवी पावती वर असायची, आता जुनी येते. -१ मुळे नवी पावती ट्रीसेटमध्ये जुनीच्या डाव्या बाजूला जात होती, आणि काउंटरवरच्यांना त्या क्रमाची सवय झाली होती. देनकम्पेअरिंगला दुसरा पॅरामीटर म्हणून रिव्हर्सऑर्डर (उलटा क्रम) दिला.