समासातला एक रन

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे म्हणून फोन आला तेव्हा म्हटलं आपण काय लिहिणार, ना बोर्डात आलो ना गॅदरिंगला कधी स्टेजवर गेलो. शाळेच्या क्रिकेट टीममध्ये पण मी नव्हतोच, जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे हातात बॅटऐवजी स्कोरबुक आलं ते कायमचंच. ते दिलं गणिताच्या सरांनी.

आपलं ग्राउंड म्हणजे केवढं, तर मागच्या वाड्यात बॉल गेला की आऊट. पण सर तिथल्या मॅचचंही स्कोरिंग नीट ठेवायला लावायचे. एकीकडे बॅट्समनचे रन अधिक एक्स्ट्रा, दुसरीकडे बोलर्सच्या नावावरचे रन अधिक बाय आणि लेगबाय (म्हणजे बॅटला बॉल न लागता पळून काढलेले, बोलरच्या नावावर न लागणारे रन), दोन्ही बेरजा टोटलशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि पानाला समास हवाच, नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं की तिथं लिहून ठेवायचं. वजाबाकी शिकवताना पण क्रिकेटच. १९४८ साली आपल्या पूना क्लबवर काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२, सांगा कितीनं हुकला? आम्ही नऊऽऽ ओरडायचो, मग ते सांगायचे की महाराष्ट्राचे ४ बाद ८२६ झाल्यावर ब्रेकनंतर समोरची टीम खेळायला आलीच नाही. सांगताना चेहरा असा, जणू ते नऊ रन सरांच्याच खिशातून गेलेत.

तर कॉलेजं संपल्यावर आमच्या बॅचच्या पोरांनी क्लब काढला. बँकेतले, एलआयसीतले, एकाचं किराणा दुकान, सगळे रविवारचे खेळाडू. लीगच्या मॅचेस मॅटवर असायच्या, म्हणजे सकाळी सातला ती जडशीळ मॅट स्कूटरवर आडवी टाकून आणायची, ताणून खिळे ठोकायचे आणि मग टॉसला जायचं, तोवर निम्मे जण दमलेले.

१९९६ चा वर्ल्डकप चालू होता. २९ फेब्रुवारी, गुरुवार, स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं. आमचा कीपर ऑफिसला दांडी मारून गेला होता, संध्याकाळी कट्ट्यावर आला तो घसा बसलेला. केनिया १६६, त्यात सगळ्यात जास्त रन कोणाचे, तर एक्स्ट्राचे, ३७! आणि वेस्ट इंडिज ९३ मध्ये खलास. लाराचा कॅच धरला त्या गुबगुबीत कीपरनं, हे तर त्यानं तीनदा करून दाखवलं. नोकरीधंदा सांभाळून खेळणारी पोरं बघ, आपल्यासारखीच, असं म्हणत होता. आपल्यासारखीच हे जरा जास्तच झालं, पण असो.

रविवारी आमची मॅच पिंपरीकडच्या एका कंपनीच्या टीमशी, सगळे एकसारख्या पांढऱ्या कपड्यात. चाळीस ओव्हरची मॅच, आम्ही १३७ ऑलआऊट आणि टॉप स्कोरर एक्स्ट्रा, ३१. मॅटवर बॉल असा काही उसळत होता की त्यांच्या कीपरच्या डोक्यावरूनच जायचा. कीपर म्हणाला, बघा, केनियाच!

त्यांना १३८ हवे होते. मी आणि त्यांचा स्कोरर एकाच टेबलावर, मधे पॅटिसची पुडी. तो त्यांचा दहा नंबरचा बॅट्समन पण होता, ३७ व्या ओव्हरमध्ये आठवी विकेट पडली तसा वही धाकट्या भावाच्या हातात कोंबून पॅड बांधत पळाला. नेमका पुढच्याच बॉलला दोन रन पळाले, पण एकानं परत फिरताना बॅट क्रीजमध्ये टेकवलीच नाही. अंपायरनी बोटं खांद्याला लावली, वन शॉर्ट, म्हणजे तो एक रन धरायचा नाही. मी कळलं म्हणून हात वर केला, एकच रन लिहिला, समासात कारण. पोरानं मात्र दोन लिहिले, बोर्डावर पण दोनच चढले. मी ओरडतोय बोर्ड चुकलाय म्हणून, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय, आमचा कॅप्टनच म्हणाला, तू गप रे, फील्ड लावू दे.

शेवटचा बॉल, शेवटची जोडी, बोर्डावर १३६, माझ्या वहीत १३५. त्यांनी एक पळाला, दुसऱ्याला गेले आणि किराणा दुकानदाराचा थ्रो थेट स्टंपवर. रनआऊट! बोर्ड १३७. त्यांचे लोक टाय टाय करत हात मिळवायला आले आणि मी वही घेऊन मैदानात, आयुष्यात पहिल्यांदाच. जाम आरडाओरडा झाला, त्यांचा कॅप्टन म्हणे तुमचाच स्कोरर, तुमचंच पेन. अंपायर काकांनी दोन्ही वह्या जमिनीवर मांडल्या, एकेका बोलरचे रन बघत गेले, फरक आला तो आमच्या ऑफस्पिनरच्या त्या एका ओव्हरला. समासात वाचलं, 'वन शॉर्ट, नॉनस्ट्रायकर एंड'. हो, म्हणाले, मीच खांदा दाखवला होता. त्यांच्या दहा नंबरनं भावाकडे असं बघितलं की मलाच त्या पोराची दया आली. एका रननं जिंकलो. मग काय, मला खांद्यावर वगैरे घेतलं, चष्मा पडला, काच तडकली ती वेगळीच.

पुढच्या रविवारी वही घेऊन सरांच्या घरी गेलो. तेव्हा ते रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावला, समास बघितला, काही बोलले नाहीत, दोन्ही बेरजा बोटांवर करून पाहिल्या आणि मग आमच्या इनिंगचं पान उलटून म्हणाले, "अरे, एक्स्ट्रा ३१? त्यांचा कीपर करत काय होता?"