एकाच डिस्कच्या दोन तऱ्हा

अंबाजोगाईहून लातूरला निघालो होतो. रिपरिप थांबून चार दिवस झाले होते. रेणापूर जवळ आलं तशी बायको म्हणाली, "अहो, काच खाली करा जरा. माझ्या बाजूच्या चाकातून खरखर यायलीय." ब्रेक दाबला की आवाज वाढायचा आणि स्टिअरिंग हलकंसं उजवीकडे ओढायचं. गाडी अडीच वर्षांची, १९ हजार किलोमीटर चाललेली. चारच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं आणि जॉब कार्डवर स्वच्छ लिहिलं होतं: पुढचे ब्रेक पॅड ६० टक्के शिल्लक.

लातुरात पोचल्यावर वाकून चाकाच्या जाळीतून पाहिलं. डाव्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, तांबूस गंजाचे पट्टे दिसले. तिला दाबून चाक थांबवणारा पॅड मात्र चांगला जाड होता. तसाच सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने बाहेरूनच नजर टाकली. "सर, डिस्क झिजायचाच पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही. तुमची गाडी चिखलात जाते, म्हणून गंजली." दोन्ही डिस्क, पॅड आणि मजुरी मिळून साडेअकरा हजारांचा अंदाज त्याने हातात दिला. चाक काढून बघा म्हटलं, तर गाडी सोडून जावं लागेल म्हणाला. मी गाडी घेऊन परत आलो. ती गाडी तेवढी चालवायला नको होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या गावात एक चाचा आहेत, चाळीस वर्षं गॅरेज चालवणारे. त्यांनी चाक काढलं, पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सोडले आणि दोन्ही पॅड माझ्या हातात ठेवले. बाहेरचा जवळपास नव्यासारखा. आतल्याचं मटेरियल पूर्ण संपलेलं, नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कची आतली बाजू ग्रामोफोनच्या तबकडीसारखी रेघारेघांची झाली होती. "सर, बाहेरून बघून काही कळत नसतंय," चाचा म्हणाले, "पिन जाम झालीय."

ही पिन समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून घेतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही. सगळं काम आतल्या पॅडवर येतं आणि बाहेरचा नुसता शेजारी उभा राहतो. मग एकाच डिस्कचा आतला चेहरा खरवडला जातो आणि बाहेरच्या चेहऱ्यावर गंज बसतो, कारण तो पुसून काढणारं कुणी राहत नाही. जाळीतून मी जो जाड पॅड बघत होतो, तो काम न केल्यामुळे जाड होता. आणि ते ६० टक्के कुठून आले असतील, तेही मला तिथेच उमगलं.

चाचांनी शेजारच्या लेथवाल्याकडून जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला. व्हर्नियर का नको, तर डिस्क झिजते तेव्हा कडेला न झिजलेला काठ उरतो. व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि माप जास्त दाखवतात. कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत, फिरवत फिरवत सहा ठिकाणी मापलं. सगळ्यात कमी भरलं १९.४ मिलिमीटर. नवी डिस्क २२ची, आणि डिस्कच्याच अंगावर किमान जाडी २० कोरलेली होती. उजवी डिस्क २१.७ होती. म्हणजे डावी लेथवर टर्निंग मारून, म्हणजे वरचा थर तासून सपाट करून, वाचवण्याच्या पलीकडे गेली होती. किमान मापाच्या खाली गेलेली डिस्क उष्णता नीट झेलत नाही, तडकूही शकते.

तरी गंजाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे समुद्र नाही, खारा वारा नाही, मग इतका गंज? माझ्या मुलाचा प्रश्न आणखी सरळ होता: बाईकची डिस्क का गंजत नाही? बाईकची डिस्क बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते. कारची बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. बीड उष्णता चांगली झेलतं, थरथर शोषतं, स्वस्तही पडतं, पण पाण्याचा हात लागला की रातोरात तांबूस होतं. तेवढा गंज निरुपद्रवी. सकाळी दोन-चार ब्रेक मारले की पॅड तो पुसून टाकतात. गाडी उभी राहिली किंवा पॅड नीट टेकलाच नाही, तर तोच गंज खोल जातो, खड्डे पाडतो.

माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस उभीच. शाळेत मी स्कूटरवर जातो. शनिवार-रविवारी गाडी मांजराकाठच्या शेतात. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाच्या आत थापली जाते. याच मातीच्या ओलीवर आपली रब्बीची ज्वारी उभी राहते, पाण्याची एक पाळीही न देता. ती ओल धरण्याचा गुण चाकात शिरल्यावरही सोडत नाही. वरून चिखल वाळलेला दिसायचा, आत कॅलिपरपाशी पंधरा दिवसांनीही ओलसर. मी रविवारी संध्याकाळी बोअरच्या क्षाराच्या पाण्याने गाडी धुवायचो आणि तशीच ओली शेडमध्ये लावायचो. हे माझ्या बाजूचं. ते मी लपवलं नाही, पुढच्या तक्रारीतही नाही.

पण उजव्या चाकालाही तीच माती, तेच पाणी. तिथल्या पिना बोटाने सरकत होत्या. चाचांनी डावी खालची पिन हातोड्याने ठोकून काढली, तेव्हा कारण समोर आलं. पिनेच्या टोकाचं रबर फुगून ढब्बू झालं होतं, आणि आत पिवळं, साधं चेसिसचं ग्रीस. या रबराला खनिज तेलाचं ग्रीस चालत नाही, ते फुगतं. तिथे सिलिकॉनचं किंवा कॅलिपरसाठीचंच ग्रीस लागतं. चाचांनी त्या कॅलिपरला आधी कधी हात लावला नव्हता. सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र "ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग" अशी ओळ होती आणि तिचे पैसे मी भरले होते.

मला राग आला तो इथे. पॅड झिजतात, डिस्कही झिजतात, ते मान्य. पण चुकीचं ग्रीस भरून, न उघडलेल्या चाकाचे टक्के लिहून द्यायचे आणि नंतर आमच्या मातीला दोष द्यायचा, हे मला सहन झालं नाही. त्या गाडीत माझी आई बसते.

चाचांच्या सांगण्यावरून गाडी हलवलीच नाही. सगळ्याचे फोटो काढले: दोन्ही पॅड शेजारी ठेवून, मायक्रोमीटरचा आकडा दिसेल असा, फुगलेली पिन. जॉब कार्ड आणि बिल जोडून सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला. मागणी एकच ठेवली: डिस्क वॉरंटीत बसते की नाही हा वाद नको, सदोष सेवेमुळे झालेलं नुकसान भरून द्या. हा फरक महत्त्वाचा ठरला. झिजणाऱ्या पार्टवर वॉरंटी नाकारणं त्यांना सोपं असतं, स्वतःच्या बिलातली ओळ नाकारणं अवघड.

आठ दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे नेते आणि उत्तर मागते. त्यांच्याशी बोलताना पुढची वाटही समजून घेतली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे बीडला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या छोट्या रकमेला फीसुद्धा नाही. हे दुसऱ्या मेलमध्ये शांतपणे लिहिलं.

पाचव्या दिवशी फोन आला. त्यांचा माणूस अंबाजोगाईला आला, चाचांच्या गॅरेजमध्येच पिन पाहिली आणि फार बोलला नाही. डावी डिस्क, पॅडचा सेट, पिनांचं किट आणि मजुरी त्यांनी सोसली. उजव्या डिस्कचे पैसे मी दिले. एका अॅक्सलवरच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या, डिस्क जोडीनेच बदलाव्यात, शिवाय मातीत गाडी मीच नेत होतो, त्यामुळे ते मला रास्त वाटलं. सगळ्याला २६ दिवस लागले.

बसवताना मी शेजारी उभा होतो. डिस्क जिथे बसते त्या हबवरचा गंज वायर ब्रशने घासून काढला, कारण तिथे खपली राहिली तर नवी डिस्कही थरथरते. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसलं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळून हलके हलके मारले.

आता शेतातून आलो की चाकांच्या आत पाण्याचा जोर मारतो, आणि धुतल्यावर गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून, ब्रेक सुकवून मगच शेडमध्ये लावतो. परवा दसऱ्याच्या आधी चाचांनी पुन्हा दोन्ही चाकं काढली. डावीकडचा आतला पॅड आणि बाहेरचा पॅड शेजारी धरले. दोन्ही सारखेच झिजले होते.