वाळू, मीठ, नवसागर आणि लोहकीस

स्मरणिकेत मैदान, घंटा आणि स्नेहसंमेलन यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी एका पुडीबद्दल लिहितो. वाळू, मीठ, नवसागर आणि लोहकीस यांची करड्या रंगाची ही भुकटी रसायनाच्या तासाला प्रत्येक बाकावर यायची आणि प्रश्न एवढाच असायचा: घटक वेगळे करा. चुंबक, संप्लवन (घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होणं), गाळण, बाष्पीभवन हे चार शब्द तेव्हाही सगळ्यांना पाठ असायचे. गडबड व्हायची ती क्रमात, आणि वेगळा झालेला घटक शुद्ध आहे का, हे तर कुणी विचारायचंच नाही. औषधांच्या तपासणीत काम करणाऱ्याला पगार मात्र याच दुसऱ्या प्रश्नाचा मिळतो. म्हणून आताच्या मुलांसाठी थोडं सविस्तर.

लोहकीस पहिल्यांदाच काढायचा. चुंबक कागदात गुंडाळून घ्या, नाहीतर त्याला चिकटलेला कीस सोडवण्यातच तास संपतो. भुकटी कागदावर पातळ पसरून चुंबक तीन-चारदा फिरवावा. एकदाच फिरवलं तर किसाबरोबर मिठाचे कणही अडकून येतात. तो कीस पुन्हा पसरून पुन्हा उचलावा. हे काम आधी करण्याचं कारण पुढच्या पायरीत आहे. नवसागर तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून बोळा फिरवतो तो याचसाठी, धातूवरचा थर खाऊन तो स्वच्छ होतो. भुकटीत लोखंड राहिलं असेल तर त्यावरही हाच मारा होतो, लोहाचे क्षार तयार होतात आणि शेवटी हाती येणारं मीठ पिवळट निघतं.

आता नवसागर. चायना डिशमध्ये चार-पाच ग्रॅम भुकटी पुरे. वर भोकं पाडलेला गाळणकागद, त्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या तोटीत कापसाचा सैल बोळा. बोळा घट्ट ठोसला तर आतली हवा नरसाळंच उचलते; बोळाच नसेल तर पांढरा धूर वर्गभर होतो. गाळणकागद यासाठी की वर जमलेली पांढरी पूड परत डिशमध्ये पडू नये. नरसाळ्यावर ओलं फडकं ठेवताना ते नीट पिळून घ्यावं, थेंब गळून तापलेल्या चिनी मातीवर पडला तर डिश तडकते. भुकटी दमट असेल तर आधी मंद आचेवर सुकवा, कारण वाफेचे थेंब नरसाळ्यावर जमून पूड धुऊन खाली आणतात. (पुस्तक याला संप्लवन म्हणतं आणि परीक्षेत तेच लिहावं. खरं तर नवसागराचं उष्णतेने अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असं विघटन होतं आणि गार काचेवर ते दोघे पुन्हा एकत्र येतात.)

धूर थांबला म्हणजे नवसागर संपला असं धरू नका. उरलेल्यातली चिमूट परीक्षानळीत घ्या, विड्याच्या पानाला लावतात तो चुना थोडा घाला आणि किंचित गरम करा. नळीच्या तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस निळा झाला की समजावं, अमोनिया येतोय, नवसागर अजून आहे. पुन्हा तापवा. ही छोटी चाचणी प्रयोगवहीत क्वचितच दिसते आणि माझ्या मते साऱ्या प्रयोगाचा जीव तिच्यात आहे.

राहिली वाळू आणि मीठ. इथे सगळ्यांची चूक एकच: पेलाभर पाणी ओततात. १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे दोन-तीन ग्रॅमला १० मिली भरपूर झालं. जास्त घातलेलं प्रत्येक मिलीलिटर नंतर आपल्यालाच आटवायचं असतं. गाळणकागद घडी घालून नरसाळ्यात बसवा, थेंबभर पाण्याने चिकटवा, द्रावण कागदाच्या कडेखाली बोटभर राहील इतकंच ओता. कडेवरून गेलं की वाळूही खाली गेली.

वाळू धुताना १० मिली पाणी एकदम घालण्यापेक्षा ५-५ मिली दोनदा घालावं. हिशेब सोपा आहे. वाळूत दोन मिली खारं पाणी अडकून राहतं असं धरू. एकदाच १० मिली घातलं तर त्यातलं २/१२, म्हणजे सुमारे १७ टक्के मीठ वाळूतच राहतं. दोनदा ५ मिली घातलं तर २/७ चे २/७, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. पाणी तेवढंच, उरलेलं मीठ निम्म्याहून कमी. शेवटच्या धुण्यातल्या थेंबांत सिल्व्हर नायट्रेट घालून पाहा: पांढरा साका आला नाही तर वाळू स्वच्छ. मात्र धुवायला ऊर्ध्वपातित पाणी हवं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, मग वाळू कितीही धुतली तरी साका येतच राहतो आणि मुलं वाळूला दोष देतात.

मीठ आटवताना शेवटी ते तडतडून डिशबाहेर उडतं, कारण स्फटिकांत अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटतं. थोडा ओलावा असतानाच दिवा काढा आणि उरलेलं उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रावर डिश ठेवून सुकवा. वजन डिश गार झाल्यावर घ्यायचं. गरम डिशभोवती हवा वर चढते आणि काटा कमी दाखवतो. दोन ग्रॅम मीठ घेऊन २.२ ग्रॅम मिळालं तर ते यश नव्हे, ओल आहे. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत सुकवत राहावं.

द्रावण गार करून मीठ का मिळत नाही, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारतोच. उकळत्या पाण्यातही मीठ ३९ ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, त्यामुळे गार केल्यावर बाहेर पडायला फारसं काही नसतं. म्हणून कोकणातल्या मिठागरांत पाणी उन्हात आटवावं लागतं. तिथेही सगळं पाणी आटवत नाहीत, शेवटचं कडवट पाणी सोडून देतात, कारण मॅग्नेशियमचे क्षार त्यात राहतात. ते मिठात आले की पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं. मोरचुदाचं, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचं, वागणं उलट: १०० मिली साध्या पाण्यात ३०-३५ ग्रॅम, उकळत्या पाण्यात १०० ग्रॅमच्या पुढे. तो गरम पाण्यात विरघळवून, दोन थेंब विरल सल्फ्युरिक आम्ल टाकून, न हलवता गार होऊ द्यावा. घाईने गार केला तर बारीक स्फटिक पडतात आणि त्यांच्यामध्ये मळी अडकते.

शुद्धता पाहण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे द्रवणांक, अर्थात पदार्थ वितळतो ते तापमान. कपाटातली डांबरगोळी घ्या, पण खिडक्या उघडून. एका टोकाला बंद केलेल्या केशनळीत तीन-चार मिलिमीटर पूड भरून ती टेबलावर आपटून घट्ट बसवा, नळी दोऱ्याने तापमापीच्या फुग्यालगत बांधा आणि पाण्याच्या चंचुपात्रात सोडा. उघडं तोंड पाण्याबाहेर राहू द्या. सुरुवातीला भरभर तापवलं तरी चालतं, अपेक्षित आकड्याच्या १५ अंश अलीकडून मात्र मिनिटाला एक-दोन अंश. जोरात तापवलं तर नळीतली पूड आणि तापमापी एकमेकांशी जुळत नाहीत आणि आकडा चुकतो. नॅप्थलीन ८० अंशांना वितळतं. तुमची गोळी ५३ च्या आसपास वितळली तर ती पॅराडायक्लोरोबेन्झीनची. बाजारात दोन्ही एकाच नावाने मिळतात. आता दोन्ही गोळ्यांची थोडी-थोडी पूड एकत्र खलून पुन्हा नळी भरा. पूड ५३ च्याही खाली पाझरू लागेल आणि पूर्ण वितळायला बरेच अंश घेईल. भेसळ ओळखायची ती यावरूनच.