तुम्ही विचारलंत म्हणून: एकुशेच्या गाण्याचा कवी लंडनमध्ये काय करत होता?

‘आमार भाइयेर रक्ते राङानो एकुशे फेब्रुआरि’ (माझ्या भावाच्या रक्तानं रंगलेली एकवीस फेब्रुवारी) हे बांगलादेशातलं एकुशेचं, म्हणजे एकविसाव्या तारखेचं गाणं लिहिणारे अब्दुल गफ्फार चौधरी लंडनला का गेले आणि तिथे त्यांनी केलं काय, ही विचारणा फेब्रुवारीत हमखास होते.

गेले पत्नीच्या उपचारांसाठी, १९७४ साली. १५ ऑगस्ट १९७५ ला बांगलादेशचे राष्ट्रपती शेख मुजीब यांची हत्या झाली, आणि मुक्काम वाढत वाढत ४८ वर्षांचा झाला. १९ मे २०२२ रोजी ते तिथेच वारले. दफन मात्र ढाक्यात, मीरपूरला. मधल्या काळात ढाक्याच्या दैनिकांसाठी स्तंभलेखनाचा रतीब घातला. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात कोलकात्याहून निघणाऱ्या ‘जय बांग्ला’ साप्ताहिकात काम केलेला हा पत्रकार; पुढाऱ्यांना जवळून पाहिलेलं. त्यामुळे स्तंभात आठवणी भरपूर. वाचायला रसाळ, पण इतिहासाचं साधन म्हणून वापरणार असाल तर तारखा आणि संवाद दुसरीकडे ताडून घ्या. हा सगळा स्मरणाचा ऐवज आहे.

गाणं लिहिलं तेव्हा ते १७ वर्षांचे होते. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वैद्यकीय महाविद्यालयात त्या गोळीबारात मारल्या गेलेल्या रफीकउद्दीनचं कवटी फुटलेलं प्रेत पाहून पहिल्या ओळी सुचल्या. म्हणजे मुळात ही कविता. पहिली चाल अब्दुल लतीफ यांची. आज कानावर पडते ती अल्ताफ महमूद यांची. महमूदना १९७१ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानी सैन्याने उचललं, ते परतले नाहीत.

आपल्याकडे मातृभाषा दिनाला हे गाणं बसवताना अर्थच चुकतो. पुढची ओळ ‘आमि कि भुलिते पारि’ म्हणजे ‘मी भुलेन का’ नव्हे; बंगालीत ‘भुला’ म्हणजे विसरणं. ‘मी विसरू शकतो का?’ असा तो प्रश्न आहे. ‘रक्ते’चा उच्चार ‘रोक्ते’कडे झुकतो, ‘राङानो’त सुटा ग नाही, आणि ‘फेब्रुआरि’त आपला व नाही. ‘भुलिते’ हे साधुभाषेचं, म्हणजे जुन्या ग्रांथिक बंगालीचं रूप. बोलण्यातलं ‘भुलते’ घातलंत तर एक मात्रा कमी पडते आणि चाल अडखळते. लय संथच ठेवा, टाळ्या नकोत. ढाक्यात हे प्रभातफेरीत अनवाणी चालत, हातात फुलं घेऊन शहीद मिनारकडे, म्हणजे भाषेसाठी मेलेल्यांच्या स्मारकाकडे जाताना म्हणतात.