९११ बुक करताना सस्पेन्शनने खाल्लेलं डोकं: माझा अनुभव

पोर्शे ९११ कॅरेरा बुक करताना रंग एका चहात ठरला, सस्पेन्शन ठरवायला मात्र अख्खा पावसाळा गेला. बरं झालं पावसाळाच होता, मार्च महिन्यातले पुण्याचे रस्ते बघून कोणी हा निर्णय घेत असेल तर त्याला शुभेच्छा.

ज्यांना माहितीये त्यांनी हा भाग सोडा. ही गाडी शोरूमला उभी आहे, हार घातला, नारळ फोडला, घेऊन आलो असा प्रकार नसतो. तुम्ही यादी द्यायची, त्याप्रमाणे ती स्टुटगार्टच्या कारखान्यात बनते आणि तयार गाडी इकडे येते. ऑर्डर लॉक झाली की विषय संपला, मग रात्री तीन वाजता कितीही पश्चात्ताप होऊ दे. आणि प्रत्येक ऑप्शनवर ड्युटी, जीएसटी सगळं चढतं, त्यामुळे तिकडच्या वेबसाइटवर युरोतला आकडा बघून "एवढंच होय" म्हणायचं नाही.

तर कॅरेराला पीएएसएम स्टँडर्ड येतं, म्हणजे शॉकअप इलेक्ट्रॉनिक, रस्ता आणि चालवणं बघून आपोआप कडक-नरम होणारे, नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन मोड. वर पैसे मोजले की पीएएसएम स्पोर्ट सस्पेन्शन, ज्यात गाडी १० मिमी खाली बसते, स्प्रिंग आखूड आणि कडक, अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) पण कडक. ज्याला विचारावं तो सांगायचा, "घे रे स्पोर्ट, गावात बटण दाबून नॉर्मलला टाकायचं." अरे पण बटणाने फक्त शॉकअप बदलतो, स्प्रिंग तीच राहते ना. ती कडक स्प्रिंग घेऊनच बाणेर ते कोथरूड जायचं आहे, आणि खाली गेलेले १० मिमी तर कुठल्याच बटणाने परत येत नाहीत. माझं भोसरीला छोटं मशीन शॉप आहे, स्प्रिंग आणि डँपर (म्हणजे शॉकअप) यांतला फरक मला कोणी समजवायला नको, तरी चारचौघांनी तेच तेच सांगितलं की माणूस डळमळतो.

ओळखीतल्या एकाकडे मागच्या मॉडेलची जीटीएस, म्हणजे ९११ चीच जास्त ताकदीची आवृत्ती आहे, तिला हे १० मिमी खालचं सस्पेन्शन मुळातच येतं. त्याने मोठ्या मनाने रविवारी पहाटे किल्ली हातात दिली (पेट्रोल मी भरलं, ते वेगळं). चांदणी चौकातून पौड रोड, मुळशी आणि पुढे ताम्हिणी. चांगलं डांबर होतं तिथे गाडीने अक्षरशः वेड लावलं, स्टीअरिंग वळवायचा विचार केला की नाक वळलेलं, कुठे झुकणं नाही की डोलणं नाही, तेव्हाच मनात म्हटलं की संपलं, हेच घ्यायचं. मग मुळशीच्या पुढे पावसाने उखडलेले पॅच सुरू झाले. वळणाच्या ऐन मध्यावर एक पॅच आला, मागचं चाक टुणकन उडालं, डॅशबोर्डवर चाक घसरल्याचा (ट्रॅक्शनचा) दिवा लुकलुकला आणि गाडी वीतभर बाहेर सरकली. वेग काही फार नव्हता. घाटात कडक गाडी जास्त पळते हे ट्रॅकवरचं गणित आहे कारण ट्रॅक गुळगुळीत असतो. उखडलेल्या रस्त्यावर स्प्रिंगने चाक खाली दाबून ठेवलं तरच टायर काम करणार, हवेत असलेल्या टायरला ग्रिप कुठली? येताना मालक शेजारी बसला होता, तो म्हणाला, "मला पण आता मणक्याचं बघायला लागणार आहे." हसत म्हणाला, पण म्हणाला. मुंबईत जी डेमो गाडी चालवली ती साध्या सस्पेन्शनची होती आणि तशाच तुटक्या रस्त्यावरून गप गेली. अर्थात जीटीएसला चाकंही मोठी आहेत, त्यामुळे किती दोष स्प्रिंगचा आणि किती टायरचा हे वेगळं काढणं अवघड, त्याच्यावर पुढे येतो.

आता खरा प्रश्न, उंची. डेमो गाडीचं मी टेपने माप घेतलं, पुढच्या चाकाच्या पुढे नाक किती, बंपरचा खालचा ओठ जमिनीपासून किती वर, पोट किती वर, आणि घरी येऊन फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून गाडीचा साइड प्रोफाइल कापला, फुल साइज. तो धरून मी आणि मुलगा आमच्या बेसमेंटच्या रॅम्पवर. वॉचमन काका लांबून बघत होते, शेवटी राहवलं नाही, "साहेब, शाळेचं प्रोजेक्ट का?" रॅम्प जिथे खाली फरशीला मिळतो तिथे पाण्याची जाळी आहे, जरा वर आलेली. साध्या उंचीला पुठ्ठा करंगळी जाईल इतक्या फटीने सुटला, १० मिमी कमी केले तर जाळीला टेकला. ब्रेक मारल्यावर नाक आणखी दबतं ते वेगळंच. खरं तर इथेच निकाल लागायला हवा होता.

पण रॅम्प एकच आहे, ब्रेकर मात्र गल्लोगल्ली. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आयआरसी ९९, तिच्या १९८८ च्या आवृत्तीप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार पाहिजे. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. म्हणजे पुढची-मागची दोन्ही चाकं ब्रेकरच्या पाठीवरच मावतात, आणि हिशोब केला तर पोटाखाली मध्यावर जेमतेम ४४ मिमीचा फुगवटा येतो, तेवढ्यावरून कुठलीही स्पोर्ट्स कार आरामात जाते. आता आमच्या गल्लीतला ब्रेकर घ्या, कोणी रातोरात टाकला देव जाणे, दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच. पुढचं चाक उतरून गेलं, मागचं अजून यायचंय आणि मधे पोटाखाली अख्खे सहा इंच. तिथे गाडी तिरकी घ्यायची हा एकच उपाय, आणि तिरकी घ्यायला लागलो की त्या मोकळ्या जागेतून दोन ॲक्टिव्हा आणि एक झोमॅटोवाला घुसलाच म्हणून समजा.

म्हणून फ्रंट ॲक्सल लिफ्ट. हायड्रॉलिकवर नाक साधारण ४० मिमी वर येतं, कमी वेगातच चालतं, आणि जागा जीपीएसवर सेव्ह करता येते, पुढच्या वेळी तिथे पोचलात की आपोआप वर. पण उचलतं फक्त पुढून, मागचा भाग तिथेच राहतो, म्हणजे पोटाच्या मध्यावर ४० चे २० च मिळतात. रॅम्पच्या जाळीला हे औषध पक्कं, सहा इंची ब्रेकरला अर्धंच. शोरूमचा सेल्सवाला पोरगा मात्र आवडला मला, स्पष्ट म्हणाला, "सर, स्पोर्ट सस्पेन्शन घ्या की नका घेऊ, तुमची आवड. पण लिफ्ट नसेल तर डिलिव्हरीला पुण्याला मी येणार नाही." त्याच्या पगारात हे सल्ले बसत नसावेत, कारण दोन्ही ऑप्शन विकले असते तर त्याचं भलंच होतं.

मग चाकांवरून घरात युद्ध. कॅरेराला पुढे १९ मागे २० इंच येतात, मुलाला वरच्या कॅरेरा एस मॉडेलसारखी २० आणि २१ पाहिजे होती, "बाबा, एवढी मोठी गाडी घेताय आणि चाकं बारकी?" त्याला कागदावर मांडून दाखवलं. पुढे २३५/४० (रुंदी २३५ मिमी, भिंत तिच्या ४० टक्के) म्हणजे टायरची भिंत ९४ मिमी, २४५/३५ घेतला तर ८६. मागे २९५/३५ ची १०३, ३०५/३० ची ९२ सुद्धा पूर्ण भरत नाही. रिम आणि खड्डा यांच्या मधे एवढंच रबर आहे, बाकी काही नाही. कर्वे रोडवर पाणी साचलं की आत चेंबरचं झाकण रस्त्याच्या लेव्हलला आहे की चार बोटं खाली हे खुद्द महापालिकेला माहीत नसतं, आणि गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरचं लिक्विड आणि पंप आहे, रिम वाकली किंवा टायरची कड फाटली की त्याचा शून्य उपयोग. मुलगा अजून म्हणतो की फोटोत मागचं चाक लहान दिसतं. दिसू दे.

आईचं वेगळंच. कल्याणीनगरला पोर्शेने उडवून दोघांचा जीव गेला त्या प्रकरणानंतर पुण्यात पोर्शे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तिने पण पहिलं तेच विचारलं, "तीच का रे ती?" सस्पेन्शन वगैरे तिला काय सांगणार, पण डेमोत बसून उठताना तिच्या गुडघ्याने जे मत दिलं ते ऐकून बायको म्हणाली, "आणखी खाली करायचा विचार पण करू नकोस."

तर शेवटी लॉक केलं ते असं: साधं पीएएसएम, १९-२० ची चाकं, फ्रंट लिफ्ट. स्पोर्ट सस्पेन्शनचे वाचले ते पैसे लिफ्टमध्ये गेले आणि वर आणखी गेले, बचत वगैरे काही झाली नाही.

गाडी आल्यावर काय? एक्सप्रेसवेवर काँक्रीटचे जॉइंट ऐकू येतात पण पाठीला लागत नाहीत, लोणावळ्याला चहा पिऊन परत येणं हा आता कार्यक्रम वाटत नाही. घाटात इंजिन स्पोर्टला आणि शॉकअप नॉर्मलला ठेवतो, दोन्ही वेगवेगळं ठेवता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पसरणी घाटात जीटीएसवाला सोबत होता, चांगल्या रस्त्यावर लागोपाठ वळणं आली की त्याची गाडी जास्त बांधीव राहते, माझी दिशा बदलताना किंचित श्वास घेते, हे मान्य करायलाच पाहिजे. वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणारा असेल त्याने खुशाल स्पोर्ट घ्यावं. पण परत येताना वाईच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे तो ज्या वेगाने आला त्या वेगाने बैलगाडी पण आली असती.

लिफ्टच्या सेव्ह केलेल्या जागा वाढतच चालल्यात, रॅम्प, ऑफिसचं गेट, सासुरवाडीची गल्ली, आणि एक इडलीवाला. गल्लीतला तो सहा इंची ब्रेकर मात्र अजून तिरकाच घेतो. तो आयआरसीच्या मापाने करून घेऊ, खर्च मी देतो असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "एका गाडीसाठी ब्रेकर कशाला बदलायचा, गाडी बदला की." अर्ज दिलाय, पोच घेतलीये.